हाकेच्या अंतरावरची होडी

अध्यक्ष महाराज आणि समुद्राविषयी ऐकण्यासाठी शनिवारची संध्याकाळ खर्ची घालणाऱ्या सज्जनहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘समुद्रावरील आपत्ती आणि हौशी नौकानयन : कायदा, कर्तव्य आणि पूर्वतयारी’ असा भारदस्त छापला आहे. त्यातील कायदा, कर्तव्य आणि पूर्वतयारी यांच्याकडे मी येणारच आहे. परंतु सुरुवात ‘हौशी’ या शब्दापासून करतो, कारण माझे जुने भांडण त्याच्याशीच आहे. हौशी म्हटले की आपल्याला हौशी रंगभूमी आठवते. प्रयोग जमला तर कौतुक आणि फसला तर क्षमा. जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे अशी प्रतवारी लावतानाही आपण हौशांकडून कसलीच अपेक्षा धरत नाही. समुद्र मात्र ही प्रतवारी जाणत नाही. तेथे संकटात सापडलेल्या माणसाच्या हाताला प्रथम जो लागतो तो बहुधा सर्वांत कुशल नसतो, सर्वांत जवळचा असतो; आणि जवळचा कोण हे वारा आणि योगायोग ठरवतात. म्हणून केवळ आनंदासाठी होडी घेऊन निघणाऱ्याने ‘आज कदाचित मलाच जावे लागेल’ हे धरूनच किनारा सोडावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझ्या फजितीतून कळले आहे. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी आणि माझे मेव्हणे माझ्या बावीस फुटी शिडाच्या बोटीतून मांडव्याहून खांदेरीच्या दिशेने फिरायला गेलो होतो. परतताना शिडे उतरवून, त्यांची सुबक घडी घालून, वर आवरण चढवून आम्ही छोट्या इंजिनावर येत होतो. त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, तसा तो धरू लागला होता. तेवढ्यात एक फायबरची स्पीडबोट आडवी होऊन वाहत चाललेली दिसली. चार माणसे, इंजिन बंद, एक जण अंगातला सदरा काढून हलवत होता, आणि वारा त्यांना ज्या दिशेने ढकलत होता तिकडे पाऊण मैलावर खडक होते. माझा ऊर अभिमानाने भरून आला, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी वाऱ्याच्या बाजूने रुबाबात जवळ गेलो, इंजिन गिअरमध्येच ठेवले आणि नायलॉनचा लांब दोर भिरकावला. तो त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. नायलॉन पाण्यात बुडतो. तो बुडाला, आमच्याच बोटीखाली गेला आणि इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याला गुंडाळला गेला. ‘धप्’ असा एक आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. त्यानंतरच्या शांततेत मेव्हणे म्हणाले, “आता सदरा कोणी काढायचा?”

थळच्या एका मच्छीमार बोटीने आम्हा सहाही जणांना बाहेर काढले. जवळ आल्याबरोबर तांडेलाने, म्हणजे त्या बोटीच्या प्रमुखाने, दोर टाकला नाही, त्याने ओरडून पहिला प्रश्न केला, “शेठ, नांगर हाय ना? मग टाका की!” नांगर होता. पायांपाशीच होता. तेथे पाणी इतके उथळ होते की तो टाकताच बोट जागच्या जागी थांबली. खडकाकडे वाहत असताना माझ्यासारख्या सुशिक्षित माणसाला हे सुचू नये, याचे कारण मी स्वतःला ‘वाचवणारा’ समजत होतो. आणि नांगर टाकणे हे वाचवून घेणाऱ्याचे काम आहे, अशी माझी काहीतरी समजूत असावी. मग त्यांचा एक तरुण खलाशी सुरी घेऊन पाण्यात उतरला, त्याने पंख्यात अडकलेला दोर कापून काढला, आणि दोन्ही बोटींना ओढत मांडव्याच्या धक्क्याला आणून सोडले. निरोप घेताना तांडेलाने विचारले, “शेठ, त्यो दोर त्यांना वाचवायला टाकला व्हता का आमाला बोलवायला?”

माझी तक्रार पुढे आहे. ज्या क्लबाचा मी तेव्हा सभासद होतो, तेथे ही हकीकत नोंदवहीत लिहावी, म्हणजे इतरांना उपयोग होईल, असे मी सुचवले. उत्तर मिळाले की, नोंदवही स्पर्धांसाठी आहे. त्या क्लबात मला गाठी शिकवल्या होत्या, वळणावर कोणाला आधी वाट द्यायची ते शिकवले होते, कार्यक्रमाला कोणत्या रंगाचा कोट घालायचा तेही शिकवले होते. पण पाण्यात पडलेला माणूस वर कसा घ्यायचा हे कोणी दाखवले नव्हते. पुढे नांगरलेल्या बोटीवर, शांत पाण्यात, मी मेव्हण्यांना पाण्यात उतरवून वर ओढून पाहिले. त्यांचे वजन नव्वद किलो आहे, ओले कपडे वेगळे. मी दंड धरले, कॉलर धरली, पट्टा धरला. अर्ध्या तासाने ते स्वतः पोहत किनाऱ्यावर गेले.

आता तुम्ही म्हणाल, की जो दोरही नीट टाकू शकत नाही त्याने इतरांना कर्तव्य काय सांगावे? म्हणून ज्यांना दोर टाकता येतो अशांकडे वळतो. ‘गोल्डन ग्लोब’ ही शर्यत एकट्याने, न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची आहे. 1968 साली निघालेली पहिली शर्यत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 312 दिवसांत पुरी केली, ती मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ नावाच्या सागवानी होडीतून. पन्नास वर्षांनी, 2018 मध्ये, ही शर्यत पुन्हा भरवली गेली तेव्हा भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी त्याच ‘सुहैली’च्या नमुन्यावर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन उतरले. दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’तून भारतीयांची पहिली एकल प्रदक्षिणा केल्यानंतर त्याच होडीतून न थांबता प्रदक्षिणा करणारे हेच टॉमी. नियम असा की, 1968 साली जी साधने होती तेवढीच वापरायची. सूर्यताऱ्यांची उंची मोजून आपली जागा काढण्याचे सेक्स्टंट हे यंत्र आणि कागदी नकाशे. उपग्रह-फोन असतो, पण तो संकटापुरता.

21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे 3,500 किलोमीटरवर, सत्तर नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 130 किलोमीटरचा, वारा आणि चौदा मीटरच्या लाटा, म्हणजे आपल्याकडील चार मजली इमारती, यांच्यात ‘थुरिया’ उलटली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि ‘उठता येत नाही’ एवढा मजकूर त्यांनी कसाबसा टंकला. त्याच वादळात आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन यांच्याही होडीच्या डोलकाठ्या गेल्या होत्या. त्यांनी काय करावे? मोडक्या सामानातून कामचलाऊ डोलकाठी उभी केली आणि किनाऱ्याकडे न वळता होडी टॉमींच्या दिशेने वळवली. नौदलाच्या विमानाने ‘थुरिया’ शोधून काढली आणि 24 तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाने टॉमींना उचलले. नंतर त्याच जहाजाने मॅकगकिन यांनाही घेतले. म्हणजे मॅकगकिन पोहोचण्याआधीच काम झाले. मला विचाराल तर या हकीकतीतले मोठे वळण नेमके हेच, न पोहोचलेले आहे. ज्याला स्वतःलाच मदत हवी तो मदतीला निघाला, आणि पाठीवर पडून राहिलेल्या माणसाला तेवढे दिवस कोणीतरी येत आहे हे ठाऊक होते.

टॉमींच्या पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसवल्या गेल्या आणि 2022 मध्ये ते त्याच शर्यतीला पुन्हा उभे राहिले. हा हट्ट की वेड, याचा निवाडा तुमच्यावर सोडतो. 18 नोव्हेंबर 2022 रोजी फिनलंडचे टॅपियो लेह्तिनेन झोपेतून उठले तेव्हा ‘अस्तेरिया’त पाणी भरत होते, काही मिनिटांत होडी तळाशी गेली आणि ते रबरी तराफ्यावर आले. वय चौसष्ट. सर्वांत जवळची होडी दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांची, सुमारे 100 सागरी मैलांवर. त्यांनी होडीचे तोंड त्यांच्या दिशेने फिरवले. दूरवरून टॉमींनीही फिरवले, आणि ते फिरवताना त्यांच्या मनात काय आले असेल ते सांगायला मी नको. नॉयशेफर रात्रभर सुकाणूवर बसून सकाळी ठरल्या जागी पोहोचल्या, आणि मग जे घडले ते प्रत्येक हौशी नावाड्याने ऐकावे : लेह्तिनेन यांना नॉयशेफर यांचे शीड दिसत होते, पण नॉयशेफर यांना तराफा दिसत नव्हता. दोन-तीन मीटरच्या लाटांत नारिंगी तराफा म्हणजे नांगरलेल्या शेतात पडलेले बोर. त्या पुढे जात, मागे येत, आणि तो माणूस आपल्या तारणहाराला लांब जाताना पाहत राहिला. अखेर गाठ पडली, लेह्तिनेन होडीवर आले, दोघांनी रमचा एक-एक घोट घेतला (अध्यक्ष महाराज, हे इतिहास म्हणून सांगतो आहे), आणि त्याच दिवशी त्यांना एका मालवाहू जहाजावर चढवून दिले. त्या जहाजाचे नाव ‘दर्या गायत्री’. परक्या पाण्यात इतके घरचे नाव यावे, याचे मला अजून नवल वाटते.

नॉयशेफर शर्यत जिंकल्या. टॉमी दुसरे आले. मदतीत गेलेला वेळ दोघांनाही परत मोजून दिला होता, नॉयशेफर यांना 35 तास आणि टॉमींना 12. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्याच, फ्रान्सच्या ‘वांदे ग्लोब’ शर्यतीत तर 2009 साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नजवळ, उलट्या बोटीच्या पोटात अडकलेल्या जाँ ले काम यांना ‘पीआरबी’ या बोटीच्या व्हँसाँ रियू यांनी सोडवले. आणि 2020 मध्ये ‘पीआरबी’ दुभंगली तेव्हा तिच्या नव्या कप्तानाला, केव्हाँ एस्कोफिए यांना, रात्रीच्या अंधारात तराफ्यावरून उचलून घेणारे होते एकसष्ट वर्षांचे ले काम! त्या शोधात आणखी तीन बोटी वळल्या होत्या. त्यांपैकी यानिक बेस्तावाँ हे अंतिम रेषेवर तिसरे आले, आणि शोधात गेलेले सव्वादहा तास वजा केल्यावर पहिले ठरले.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे. म्हणजे ज्यासाठी आपण जमलो ते आता घाईने सांगणे आले.

कायदा असा. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे कलम 98 प्रत्येक राष्ट्राला सांगते की, आपल्या ध्वजाखालील जहाजाच्या कप्तानावर बुडणाऱ्याला मदत करण्याचे बंधन घाला. मात्र स्वतःचे जहाज, खलाशी आणि उतारू यांना गंभीर धोका न पोहोचवता. हे ‘मात्र’ विसरू नका. मी विसरलो होतो. संकटातली जहाजे आणि माल वाचवण्याविषयीच्या 1989 च्या तारण-करारातही हे कर्तव्य आहे, आणि त्यातच असेही आहे की, वाचवलेला माल असेल तर मोबदला मागता येतो, पण वाचलेल्या माणसाकडून त्याच्या जिवाचे पैसे मागता येत नाहीत.

पूर्वतयारी. पहिले काम धावत सुटणे नव्हे, कळवणे होय. व्हीएचएफ या बोटीवरच्या रेडिओवर चॅनल 16, म्हणजे संकटाच्या हाकेचा चॅनल; ज्याच्याकडे रेडिओ नाही किंवा ज्याचा आवाज दूर पोहोचत नाही, त्याच्या वतीने ‘मेडे रिले’, म्हणजे दुसऱ्याची संकटाची हाक, म्हणून आपण सांगायचे : जागा, माणसे किती, काय झाले. आपल्या किनाऱ्याजवळ मोबाइल चालत असेल तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक. मग नांगर त्यांना टाकता येतो का ते विचारायचे. दोर तरंगणारा हवा, आणि पाण्यात माणूस किंवा सैल दोर असेल तर पंखा थांबलेला हवा. एकाने हाताचे बोट रोखून बुडणाऱ्याकडेच पाहत राहायचे, दुसरे काहीही करायचे नाही; लेह्तिनेन यांचा तराफा आठवा.

आणि बोट तरंगत असेतोवर ती सोडायची नाही. 1979 च्या फास्टनेट या ब्रिटनमधील शिडाच्या बोटींच्या शर्यतीत 303 बोटी निघाल्या, वादळात पंधरा स्पर्धक गेले; चोवीस बोटी सोडून दिल्या गेल्या, त्यांतल्या पाचच बुडाल्या, उरलेल्या नंतर तरंगताना सापडल्या. म्हणून घाबरलेल्या माणसांना आपल्या बोटीत उडी मारायला लावण्याआधी त्यांना तरंगवणारी जीवरक्षक जाकिटे चढवून त्यांच्याच बोटीत बसवून ठेवता आले, तर ती मोठी मदत झाली. जाकिटे कुलूपबंद खणात ठेवणाऱ्यांविषयी माझ्याकडे आणखी एक हकीकत होती, ती राहिली.

माणूस वर घेणे मात्र राहू देणार नाही. हातांनी ओढू नका. शीड ताणण्याच्या कप्प्या सोडवून त्यांचाच उपयोग करा, आणि गारठलेल्या माणसाला शक्यतो आडवा उचला, कारण उभा लोंबकळत वर काढताना रक्तदाब एकदम उतरून तो दगावू शकतो. हे बोलून समजत नाही. चहाच्या वेळी मागच्या व्हरांड्यात यावे. कप्प्या आणि दोर मी आणले आहेत, खांब भक्कम आहे, आणि बुडणाऱ्याच्या भूमिकेसाठी माझे मेव्हणे तयार आहेत. त्यांचे वजन आता चौऱ्याण्णव झाले आहे.