कण्हेरीच्या शेंड्यावरचा मावा

श्रोतेहो, नमस्कार.

मावा म्हटलं की बेळगावच्या माणसाला आधी मिठाईचं दुकान आठवतं, आणि निपाणीकडं गेलात तर तंबाखू-सुपारीची पुडी. मी बोलणार आहे तो तिसरा मावा. जास्वंदीच्या कळीला, गुलाबाच्या कोवळ्या देठाला दाटीवाटीनं चिकटून बसतो तो. आमच्या शेजारच्या अक्का कन्नडमध्ये याला ‘गिडहेनु’ म्हणतात. गिड म्हणजे झाड, हेनु म्हणजे ऊ. झाडाची ऊ! मला हे नाव आपल्यापेक्षा जास्त पटतं. सुईसारखी सोंड सालीत खुपसायची, रस ओढायचा आणि जागा सोडायची नाही, हे सगळं उवेचंच की.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, मी बागेतला मावा गोळा करतो. घरच्यांना यात अजून काही अर्थ सापडलेला नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला रिकाम्या प्लॉटवर रुईची झाडं आहेत. तिथं एका शनिवारी मी भिंग लावून वाकलो होतो. मारुतीच्या माळेला पानं तोडायला आलेल्या एक आजी थांबल्या. ‘काय बघुलास गा एवढं त्या रुईत?’ मी त्यांना पान उलटं करून दाखवलं. हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेजर्द ठिपके, त्यांना काळे पाय आणि पाठीमागं दोन काळ्या नळ्या. आजी म्हणाल्या, ‘हे होय! हे तर मी रोज पदरानं पुसून टाकते.’

हाच पिवळा मावा तुमच्या दारातल्या कण्हेरीवर असतो. शास्त्रीय नाव ॲफिस नेरी. कण्हेर आणि रुई दोन्ही विषारी, दोन्हींचा चीक हृदयावर परिणाम करणारा, आणि हा पठ्ठ्या तेच विष अंगात साठवून घेतो. तो भडक पिवळा रंग म्हणजे खाणाऱ्याला दिलेली ताकीद आहे. तुम्हीही कण्हेरीची फांदी हाताळलीत तर हात धुवा.

त्या दोन नळ्या मात्र नीट बघा. जास्वंदीवर पांढरं काही दिसलं की सगळे ‘मावा पडला’ म्हणतात. बऱ्याचदा तो पिठ्या ढेकूण असतो, पीठ माखलेला, या नळ्या नसलेला. पेअरच्या आकाराचं मऊ अंग आणि ढुंगणाशी दोन नळ्या दिसल्या, की समजा मावा. काही जातींत त्या अगदी आखूड असतात, भिंगाखालीच कळतात. माझं भिंग घड्याळजीकडचं आहे, दहापट मोठं दाखवणारं. यापेक्षा भारी सामान सुरुवातीला लागत नाही.

गोळा करायची रीत सोपी. रंगकामाचा सगळ्यात बारीक ब्रश ओला करायचा, किड्याला हलकेच गुदगुली करायची, म्हणजे तो सोंड बाहेर काढतो. मगच उचलायचा. खस्सकन ओढलात तर सोंड सालीतच तुटून राहते आणि नमुना वाया जातो. फुलपाखरासारखं याला टाचणीवर लावता येत नाही, वाळून सुरकुततो. म्हणून छोट्या काचेच्या नळीत 70 ते 90 टक्के अल्कोहोल घ्यायचं आणि त्यात सोडायचा. एका झाडावरचे पंधरा-वीस तरी घ्या, पंखवाले आणि बिनपंखी दोन्ही.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी हिंडलगा-टिळकवाडीपासून खानापूर-जांबोटीपर्यंत हिंडून चाळीसेक नळ्या भरल्या. प्रत्येकीत कागदाची चिठ्ठी टाकली, छान वळणदार अक्षरात, बॉलपेननं. दोन महिन्यांनी पेटी उघडली तर चिठ्ठ्या कोऱ्या आणि अल्कोहोल निळसर. शाई विरघळून गेली होती. बरं, किड्याच्या रंगावरून ओळखावं तर तोही अल्कोहोलमध्ये उडतो. पिवळा, हिरवा, काळपट, सगळे सारखेच मळकट. तेव्हापासून शिसपेन्सिल वापरतो, आणि चार गोष्टी जागेवरच लिहितो: गाव, तारीख, जिवंतपणीचा रंग आणि झाड.

यातलं झाड सगळ्यात महत्त्वाचं. जगात माव्याच्या सुमारे 5000 जाती आहेत आणि बहुतेकींची खायची झाडं ठरलेली. गुलाबावरचा कुठला, केळीवरचा कुठला, हे झाडावरूनच निम्मं कळतं. जास्वंदीवर आढळतो तो ॲफिस गॉसिपी मात्र फसवतो. तोच कापसावर, तोच काकडी-भोपळ्यावर, आणि एकाच फांदीवर पिवळट ते काळपट हिरवा अशा सगळ्या छटांत. अशा वेळी कॉस्टिक पोटॅश या तीव्र अल्कलीत गरम करून आतला ऐवज काढून टाकायचा, उरलेली पारदर्शक कातडी काचपट्टीवर पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मिशांचे सांधे मोजायचे. मला हे काम अजून नीट जमत नाही. दहातल्या चार पट्ट्या बिघडतात.

माव्याभोवती मुंग्या कशाला जमतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. झाडाच्या रसात साखर फार आणि सत्त्व थोडं, म्हणून मावा पोटभर पितो आणि जादा साखर मागून गोड थेंबांच्या रूपात टाकतो. त्या थेंबांसाठी मुंग्या राखण करतात. पानावर सांडलेल्या त्याच चिकट्यावर मग काळी बुरशी चढते. पान धुऊन पुसलं तर काजळी निघते, पण वर मावा तसाच राहतो आणि आठवड्यात पान पुन्हा काळं.

लगेच फवारणीला धावू नका, एवढं मी सांगेन. चिकोडी, अथणी, रायबागकडच्या ऊस उत्पादकांना 2002 साल आठवत असेल. सांगलीकडून पांढरा लोकरी मावा उसावर उतरला होता, पानाखाली कापूस पिंजल्यासारखा. त्याला आवर घालण्यात डायफा नावाच्या पतंगाच्या अळीचा आणि मायक्रोमस या किड्याचा मोठा वाटा होता. हे दोघंही मावा खातात. आपल्या कुंडीतही तसंच आहे. ठिपक्यांचा ढालकिडा तर ओळखीचा, पण त्याची काळी, काटेरी, सुसरीसारखी अळी बघून लोक तिलाच चिरडतात. आणि घोळक्यात एखादा मावा फुगलेला, तपकिरी, कडक दिसला तर त्याच्या आत दुसराच जीव वाढतोय. मुंगीहून लहान गांधीलमाशीनं त्यात अंडं घातलेलं असतं. पाठीला गोल झाकण उघडून ती बाहेर पडते, रिकामा डबा मागं राहतो.

जिनिव्हाच्या शार्ल बोने या वीस वर्षांच्या मुलानं 1740 साली एक प्रयोग केला. नुकतं जन्मलेलं माव्याचं एक पिल्लू एका झुडपाच्या डहाळीवर ठेवून काचेखाली एकटं वाढवलं. नराशी गाठ पडणं शक्यच नव्हतं. तरी त्याला पुढं 95 पिल्लं झाली, आणि प्रत्येकीच्या जन्माची वेळ बोने लिहून ठेवत गेला. माव्याची मादी नराशिवाय लेकी जन्माला घालते, अंडी नव्हे, चालती पिल्लं, हे त्यातून सिद्ध झालं. थंड मुलखात हिवाळ्याआधी नर येतात, मीलन होतं, अंडी पडतात. आपल्या कण्हेरीवरच्या माव्यात नर सापडत नाही म्हटलं तरी चालेल.

वाचून राहवलं नाही. पावसाची झड थांबून कण्हेरीला नवे कोंब आले तेव्हा मीही एक पिल्लू ब्रशनं उचललं, पाण्यात खोचलेल्या डहाळीवर सोडलं आणि वर मलमलीचं फडकं बांधलं. नवव्या दिवशी पहाटे चहाच्या आधी बघतो तो तिच्या मागून काहीतरी लोंबत होतं. आधी मागचा भाग, मग पाय, शेवटी डोकं. पिल्लू थोडा वेळ तसंच लटकलं, पाय सोडवून घेतले आणि आईच्या शेजारी सोंड खुपसून बसलं. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, ‘बाळंतीण सुखरूप आहे ना? मग चहा घ्या.’

काल संध्याकाळपर्यंत एकोणतीस लेकी झाल्या. बोनेच्या आकड्यापासून मी लांब आहे, आणि डहाळीनं आत्ताच मान टाकायला सुरुवात केली आहे.

नमस्कार.