हॉलच्या मागच्या दाराने

नमस्कार मंडळी. परदेशातल्या आपल्या या मंडळाच्या गणेशोत्सवाबद्दल मला थोडं बोलायचंय. आरास समितीला दुखवायला मी उभी राहिलेले नाही. त्या मखरासाठी माणसं रात्रभर जागली, हे मी पाहिलंय. पण विसर्जनाच्या संध्याकाळी हॉल आवरताना एक छोटी मुलगी माझ्याबरोबर कचऱ्याच्या पिशव्या मागच्या दाराने बाहेर नेत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "काकू, बाप्पा जाताना दर वर्षी एवढा कचरा करून जातात?" "बाप्पा नाही गं, आपण," मी म्हटलं. पुढचं काही विचारायच्या आत तिला आईची हाक आली. तिचा पुढचा प्रश्न आज मी विचारते: का करतो?

पिशव्यांत थर्माकोलचे खांब होते, सोनेरी प्लास्टिकच्या माळा होत्या. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर 2018 पासून बंदी आहे. तिकडे जे चालत नाही ते आपण इथे विकत आणतो, कारण इथे कुणी अडवत नाही. महाप्रसादाच्या ताटल्या 'कंपोस्टेबल' म्हणून आपण निर्धास्त. पण त्यांतल्या बऱ्याच ताटल्यांना मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते, आणि आपल्या हॉलवर ओल्या कचऱ्याचा वेगळा डबासुद्धा नाही. सगळं एकत्र जमिनीत गाडलं जातं. तिथे हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो. स्टीलची ताटं घासायला माणसं मिळत नाहीत म्हणे! ढोलपथकात मात्र उभं राहायला जागा नसते.

मूर्तीचं दुखणं याहून जुनं. आपली पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची, मूर्ती गणपतीच्या कित्येक महिने आधी पेणहून कंटेनरने निघते. जिप्सम भाजून त्यातलं पाणी उडवलं की पीओपी होतं, आणि पाणी कालवलं की पुन्हा दगड. शाडूची माती पाण्यात विरते, तसं ते विरत नाही. ते विरघळवायला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला अमोनियम बायकार्बोनेटची रीत शोधावी लागली. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितल्या.

आपण तळ्यात सोडत नाही, टबात बुडवून काढतो, हे खरं. पण 'हीच मूर्ती पुढची काही वर्षं' असं ठरलं, की पुढच्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, यंदा लालबागसारखी आणू. त्यामागची ओढ मला कळते. तिकडे आई-बाबा व्हिडिओवर आरती बघत असतात. आपलंही काही कमी नाही, हे त्यांना दिसावंसं वाटतं. तरीही आपल्या हौसेचा उकिरडा दुसऱ्या कुणाच्या गावाशेजारी साठणार असेल, तर ती हौस दर वर्षी वाढवत नेणं मला चुकीचं वाटतं. पुण्याच्या भाऊसाहेब रंगारी गणपतीची मूर्ती एकोणिसाव्या शतकापासून तीच आहे. तिथला उत्सव त्यामुळे लहान झालाय का?

आपणही एक धातूची मूर्ती कायमची घेऊ. विसर्जनाला मुलांनी केलेली वीतभर मातीची मूर्ती पुरे. शाडूही जमिनीतूनच खणून काढतात, तेव्हा तीसुद्धा उधळायची नाही. पुण्यात 'पुनरावर्तन' उपक्रमात विसर्जनानंतरची माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. तसं आपण आपल्या टबातल्या मातीचं करू शकतो.

एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कितीतरी घरांचं वर्ष या मूर्तींवर चालतं. शाडूची मूर्ती जड, सुकायला वेळखाऊ, प्रवासात तडकणारी. म्हणून तर परदेशी मागणीला पीओपी सोयीचं पडलं. ती मागणी आपल्यासारख्या मंडळांनीच वाढवली. आता आपण एकाएकी हात काढून घ्यायचा, आणि रंगकाम करणाऱ्या त्या बायकांनी काय करायचं? तुमच्यापैकी कुणाचे नातेवाईक त्या धंद्यात असतील, तर जेवणाआधी मला भेटा. नवी मूर्ती नको असं कळवण्याआधी मला त्यांच्याशी बोलायचंय.