टायटॅनियमही झिजतं

श्रोतेहो, नमस्कार.

दाताचं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू रोवून त्यावर लावलेला कृत्रिम दात, बसवून झालं की बहुतेक रुग्ण निर्धास्त होतात. हा दात आता किडणार नाही, शिवाय टायटॅनियमला गंज चढत नाही, असं तेच मला समजावून सांगतात. पहिलं म्हणणं खरं आहे. दुसरं अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

टायटॅनियम हा मुळात फार क्रियाशील धातू. त्याचा पृष्ठभाग उघडा पडला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यावर ऑक्साइडचा थर तयार होतो. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साधारण दहा हजारावा भाग. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, त्याच्या खपल्या पडतात आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. टायटॅनियमचा थर मात्र घट्ट आणि चिवट असतो, आणि ओरखडा पडला तर स्वतःच भरून येतो. हाडाच्या पेशी येऊन चिकटतात त्या या थरालाच. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण हाडाने इतकं घट्ट धरलं, की ते निघेना. त्यातूनच 1965 मध्ये माणसाच्या जबड्यात पहिलं टायटॅनियम इम्प्लांट बसलं.

म्हणजे सगळी भिस्त या थरावर. आणि तोंडासारखी अवघड जागा त्याच्या वाट्याला आलेली. जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, लाळेत क्षार असतात आणि दिवसभर चावण्याचा दाब असतो. थर भरून येतो हे खरं, पण तो पुन्हा पुन्हा खरवडला गेला आणि भोवती आम्लही असलं, तर दर वेळी थोडा धातू सुटतो. त्यातला काही विरघळून जातो, काही बारीक कणांच्या रूपात आजूबाजूच्या हिरडीत नि हाडात उतरतो. घर्षण आणि रासायनिक झीज अशी हातात हात घालून चालते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सांधा. हाडातला स्क्रू आणि वरची कॅप यांना जोडणारा जो भाग असतो, त्याला आम्ही ॲबटमेंट म्हणतो. तो आतल्या बारीक स्क्रूने आवळलेला असतो. हा स्क्रू किंचित जरी सैल झाला, तरी प्रत्येक घासाला ॲबटमेंट कणभर हलतं. रुग्णाला ते जाणवतही नाही. असं सैल ॲबटमेंट काढून पाहिलं, तर त्याच्या बैठकीवर घासल्याचे चकचकीत पट्टे दिसतात आणि कापसाच्या बोळ्याला करडा-काळसर डाग लागतो. शिवाय त्या फटीत लाळ साचते, ऑक्सिजन कमी पडतो आणि थराची डागडुजी मंदावते. वरची कॅप निकेल-क्रोमियमसारख्या वेगळ्या धातूची असेल, तर लाळेतून दोन धातूंमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यातला रासायनिकदृष्ट्या कमी टिकाव धरणारा धातू आधी झिजतो.

आमच्या हातूनही कण सुटतात, हे मोकळेपणाने सांगायला हवं. इम्प्लांट हाडात फिरवून बसवताना थोडे सुटतात. पुढे किटण काढताना धातूच्या टोकाचं स्केलर वापरलं, तर आणखी सुटतात. म्हणून इम्प्लांटभोवती शक्यतो प्लास्टिकच्या किंवा तत्सम मऊ टोकाची साधनं वापरावीत, असा माझा आग्रह असतो.

हे कण करतात काय? पांढऱ्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या चिडतात, सूज वाढवणारी रसायनं सोडतात, आणि ती रसायनं हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. ज्या इम्प्लांटभोवती सूज येऊन हाड झिजलेलं असतं, तिथे कण जास्त आढळतात. पण कणांमुळे सूज आली की सुजेमुळे, साचलेल्या किटणामुळे कण सुटले, हे कोडं अजून सुटलेलं नाही. त्यामुळे केवळ कण सापडले म्हणून चांगलं घट्ट बसलेलं इम्प्लांट काढून टाकणं मला मुळीच पटत नाही. निरोगी हिरडीतही थोडे कण मिळतातच.

फ्लोराइडबद्दल हमखास विचारलं जातं. रोजची टूथपेस्ट बिनधास्त वापरा. फ्लोराइड आणि आम्ल एकत्र आले, तरच थर विरघळू लागतो. दवाखान्यात लावतात त्या आम्लयुक्त फ्लोराइड जेलमध्ये हे दोन्ही असतात. तेव्हा जेल लावायच्या आधी तोंडात इम्प्लांट आहे हे जरूर सांगा.

झोपेत दात खायची सवय असेल, तर रात्री दातांवर घालायची गार्ड करून घ्या. कारण तो दाब थेट सांध्यावर येतो. आणि कॅप हलतेय, चावताना टकटक वाजतेय किंवा हिरडीतून रक्त येतंय असं वाटलं, तर दुखायची वाट पाहू नका. इम्प्लांटला नस नसते, त्यामुळे ते नैसर्गिक दातासारखं वेळेवर ठणकत नाही. सैल स्क्रू लवकर लक्षात आला, तर बरेचदा तो बदलून योग्य दाबाने आवळला की काम भागतं.