खुंटीवरची पिशवी

(दृश्य : सकाळ. ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवलेल्या दुधाच्या दोन पिशव्या. एकीच्या टोकावरून पाणी ठिबकतंय.)

आमच्या घरी रोज दुधाच्या दोन पिशव्या येतात. मागच्या वर्षी एक महिना मी त्यातली एकही बाहेर जाऊ दिली नाही. रिकामी झाली की धुवायची, टाइलला चिकटवायची, वाळली की घडी करून डब्यात. महिनाअखेर ६० पिशव्या निघाल्या. घरात माणसं चार, आणि हे फक्त दुधाचं.

मुलुंडला राहणाऱ्याला कचरा कुठे जातो ते सांगावं लागत नाही. इथलं डम्पिंग ग्राउंड २०१८ साली बंद झालं. त्याआधी कितीतरी वर्षं वारा फिरला की आम्ही धावत खिडक्या लावायचो. जानेवारी २०१६मध्ये देवनारच्या डम्पिंगला आग लागली, तेव्हाचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. त्या ढिगात आमच्या ओट्यावरचंही काहीबाही असणारच.

(दृश्य : कात्री. पिशवीचा कोपरा, अगदी जवळून.)

पिशवी कापताना हात इथे थांबवायचा. कोपरा पूर्ण कापून टाकला, की नखाएवढा तुकडा सुटतो. तो कोणी वेचत नाही, वेचता येतही नाही. बेसिनच्या जाळीतून थेट गटारात जातो. म्हणून आम्ही चीर देतो आणि कोपरा पिशवीलाच लोंबता ठेवतो. पिशवी जाड असते, स्वच्छ आणि कोरडी असली तर रद्दीवाला वजनावर घेतो. त्याआधी तिच्यात खोवलेलं खोबरं फ्रीजरला राहतं, आणि खाली भोकं पाडली तर मिरचीचं रोप वाढतं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे सगळं बघून म्हणाल्या, "आमच्या वेळी बाटली होती." आरेची काचेची बाटली, वर पातळ चंदेरी झाकण. केंद्रावर जायचं, रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. तीच बाटली धुऊन, भरून पुन्हा कोणाच्या तरी घरी.

"मग पिशव्या आल्या तेव्हा वाईट वाटलं असेल?"

"छे गं. सुटलो म्हटलं. पहाटे बाटल्या घेऊन रांगेत मीच उभी राहायचे ना."

त्यांचं हे बोलणं माझ्या मनातून जात नाही.

(दृश्य : कपाटाचा खण. कापडी पिशव्यांची चळत, काहींच्या घड्याही मोडलेल्या नाहीत.)

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पूर्वी प्लास्टिकच्या डब्या नाहीतर गाळण्या मिळायच्या. २०१८च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली आणि वाणात कापडी पिशव्या यायला लागल्या. चांगली गोष्ट आहे. माझ्याकडे अशा १४ साठल्या आणि मी बाजारात रिकाम्या हाताने जातच राहिले.

सुती पिशवी फुकट तयार होत नाही. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, विणायला वीज लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२०चा अहवाल सांगतो, की हवामानावरचा परिणाम पाहिला तर सुती पिशवी ५० ते १५० वेळा वापरावी, तेव्हा ती एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा उजवी ठरते. खणातली पिशवी शून्य वेळा वापरलेली असते. आता त्यातल्या दोन दारामागच्या खुंटीवर असतात, बाकीच्या वाटून टाकल्या. भाजीसाठी आईंच्या विरलेल्या सुती साडीच्या लहान थैल्या शिवल्या. त्या साडीने आपलं आयुष्य केव्हाच भरून दिलं आहे, तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागला नाही. कोथिंबीर निवडून या थैलीत ठेवली की ओल कापड शोषून घेतं आणि पानं लवकर सडत नाहीत.

(दृश्य : दोन चिंध्या, काडेपेटी, स्टीलची ताटली.)

दुकानात मिळणारी ही रंगीत, मऊ पिशवी कापडाची वाटते. तिचा एक धागा जाळून बघूया. सुती धागा जळून राख झाली, कागद जळाल्यासारखा वास आला. हा दुसरा आक्रसला, वितळला, ताटलीवर कडक मणी झाला. हे पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. विणलेलं नाही, दाबून कापडासारखं केलेलं. दुकानदारही तिला कापडीच म्हणतो, म्हणून दाखवलं.

घासणीचं थोडक्यात सांगते. परसात किंवा गॅलरीत घोसाळ्याचा वेल असेल तर एखादं फळ वेलावरच जून होऊन वाळू द्या. साल सोलली, बिया झटकल्या, की आत तयार जाळी असते. काही आठवडे चालते आणि मग कुंडीत जाते. करपलेल्या भांड्याला मात्र नारळाचा काथ्याच हवा.

(दृश्य : गल्लीचं तोंड. कोळशाची भट्टी, भात्याचा आवाज. आवाज थोडा वेळ तसाच राहू द्या.)

हे पितळेचं पातेलं पुण्याच्या तांबट आळीतलं, आईंच्या लग्नातलं. बरीच वर्षं माळ्यावर होतं. आतली कल्हई उडाली होती आणि अशा पितळेत आंबट काही केलं की ते कळकतं. चिंचगुळाची आमटी तर हिरवट पडते, तोंडात घालवत नाही. दरम्यान मी एकापाठोपाठ एक तीन नॉनस्टिक तवे टाकून दिले. त्यांचा थर एकदा सुटला की घरी दुरुस्त करता येत नाही.

आता बघा. पातेलं आधी घासून लख्ख केलं. सांडशीत धरून भट्टीवर फिरवलं. तापल्यावर आत चिमूटभर नवसागर पडला आणि पांढरा धूर उठला. त्याच क्षणी कथलाची कांडी तळाला टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून बघता बघता थेंब झाला. कापसाचा बोळा गरकन फिरला आणि पिवळ्या तळावर चांदीसारखा पापुद्रा पसरत गेला. हात जरा रेंगाळला तर कथील गोळा होतं, डाग राहतात. मग पाण्यात, चर्र. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, एवढं जरूर विचारा.

पन्नास वर्षांचं पातेलं पुन्हा नवं झालं.

(दृश्य : रात्र. सिंक. धुतलेले डबे, पिळलेली फडकी, थैल्या.)

हे दृश्य मी मुद्दाम ठेवलं आहे. टिश्यूऐवजी फडकं म्हणजे ते रोज धुणं आलं. मटण आणायला डबा न्यायचा, तर तो आधी घासणं आलं. एकदा वापरून फेकायच्या वस्तू घरात शिरल्या, त्यामागे कोणाचे तरी दुखणारे हात होते, आणि ते हात बहुतेक घरांत बाईचेच होते. आता घर पर्यावरणपूरक करायचं म्हणून ते सगळं पुन्हा तिच्याच अंगावर टाकलं, तर ते टिकणार नाही आणि टिकूही नये. आमच्याकडे पहिल्या वेळी दोन महिन्यांत बंद पडलं ते यामुळेच. दुसऱ्यांदा कामं वाटून घेतली. फडकी नवरा धुतो, दुधाच्या पिशव्या मुलगा. आधी चिडचिड झाली, दोनदा भांडणंही झाली. आता त्याच्या मित्राच्या घरी कोपरा पूर्ण कापला, तर तो मित्राच्या आईला सांगतो, "काकू, तुकडा सोडवू नका."

(दृश्य : महिनाअखेर. दारात रद्दीवाला, काट्यावर पिशव्यांचा गठ्ठा.)

रद्दीवाले काका गठ्ठा काट्याला लावतात. ६० पिशव्या, तरी काटा जेमतेम हलतो. ते एक पिशवी उघडून नाकाशी नेतात, वास येत नाही ना बघतात आणि मान हलवतात. आतून आई हाक मारतात, आमटीला चिंच किती घालू म्हणून.