एका चुलीची माणसं

(पहाट. पत्र्याच्या उंच धान्यकोठ्या. लांबट घरांच्या ओळी. घंटा वाजते.)

सप्टेंबर महिना. कॅनडातला दक्षिण अल्बर्टा. नजर पोचेल तिथवर काढणीला आलेला गहू, आणि त्याच्या मधोमध ही वसाहत. ही घंटा स्वयंपाकघराची. ती वाजली की एकामागून एक दारं उघडतात आणि माणसं एकाच दिशेला चालू लागतात. इथे घरोघरी चूल नाही. शंभराहून जास्त माणसं, आणि चूल एकच.

हे हटराइट लोक, सगळी मालमत्ता सामायिक ठेवणारा एक ख्रिस्ती पंथ. कॅलगरीत राहणारी आम्ही मराठी माणसं बाजारात यांच्याकडून बटाटे, गाजरं, कोंबड्या घेतो. ठिपक्यांचा काळा रुमाल बांधलेल्या बायका, गॅलिस लावलेले दाढीवाले पुरुष आमच्या ओळखीचे आहेत. पण माघारी आम्ही काय बोलतो? हे वीज वापरत नाहीत. कर बुडवतात. जगाला भिऊन कोंडून घेतलंय यांनी. मीही कितीतरी वर्षं हेच ऐकलं, आणि पुढच्याला सांगितलं. ही फिल्म त्यासाठी करावीशी वाटली.

(शेत. चार हार्वेस्टर तिरक्या रांगेत. धुळीचा लोट.)

आधी हे पाहा. ही यंत्रं उपग्रहावरून दिशा घेतात. एवढ्या मोठ्या रानात ओळ वीतभरही हलत नाही. घोडागाडीनं फिरणारे ते आमिश, दुसराच ख्रिस्ती पंथ, आणि आपण दोघांची सर्रास गल्लत करतो. हटराइटांना यंत्राचं वावडं नाही. ते सगळ्यांचं असलं की झालं. चालवणाऱ्याला पगार नाही, आणि ज्या जमिनीवर तो ते चालवतोय, तिच्या उताऱ्यावर त्याचं नाव नाही.

आणि कर? कॅनडाच्या आयकर कायद्यात अशा सामुदायिक वसाहतींसाठी वेगळं कलम आहे. वसाहतीचं उत्पन्न सभासदांत वाटलं गेलं असं धरून कर आकारला जातो. जमिनीवरचा कर वेगळा. तोही भरतात.

(हात. पिठात बुडालेली मनगटं.)

चेहरे जवळून दिसत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कोरीव प्रतिमा करू नकोस, ही बायबलमधली आज्ञा काही वसाहती फोटोलाही लावतात. २००३ मध्ये अल्बर्टा सरकारनं वाहन परवान्यावर फोटो सक्तीचा केला, तेव्हा विल्सन कॉलनी ही हटराइटांची वसाहत कोर्टात गेली. २००९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूनं कौल दिला. इथे आम्हाला परवानगी मिळाली ती हातांची आणि कामाची. आम्हाला ती पुरली.

या हातांना आज नूडल करायच्या आहेत. अंडी इथल्याच कोंबड्यांची, पीठ इथल्याच गव्हाचं. कणीक घट्ट मळायची, पातळ लाटायची, पोळी कापडावर जरा सुकू द्यायची आणि मग बारीक कापायची. सुकणं नीट साधलं नाही तर पट्ट्या एकमेकींना चिकटतात, म्हणून ही म्हातारी बाई दर थोड्या वेळानं येऊन पोळीच्या कडेला बोट लावून बघते. तिला कुणी विचारत नाही, तीही कुणाला काही म्हणत नाही. बोट उचललं की मुली सुरी घेतात. पलीकडे वाफेवर चालणारी पातेली आहेत, माणूस आत बसेल एवढाली. रस्सा झाला की आख्खं पातेलं चाकानं वाकवून ओततात. रांधण्याची पाळी दर आठवड्याला बदलते. आठवडा संपला की याच बाया बागेत जातात आणि दुसऱ्या जोड्या चुलीपाशी येतात.

पंगत बसते तेव्हा पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, वयाच्या क्रमानं. मुलांचं जेवण वेगळ्या खोलीत. आधी प्रार्थना, मग पंधराएक मिनिटं चमच्यांचा आवाज, मग पुन्हा प्रार्थना. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावानं कुणी हाक मारत नाही. पुरुषाच्या नावापुढे ‘फेटर’, बाईच्या नावापुढे ‘बाझल’. आपण काका, मावशी लावतो, तसंच.

(लाकडी टेबल. जुनं हस्तलिखित. पान उलटणारा हात.)

प्रार्थनाघरात कॅमेरा नेला नाही. पण धर्मोपदेशकांनी हे हस्तलिखित स्वतःच्या घरी टेबलावर मांडून दाखवलं. यातली प्रवचनं सतराव्या शतकातली. एका पिढीनं हातानं उतरवून पुढच्या पिढीला द्यायची, आणि आजही तीच वाचायची. भाषा ग्रंथी जर्मन. घरात मात्र हटरिश, ऑस्ट्रियातल्या डोंगराळ मुलखाच्या वळणाची. शाळेत इंग्रजी.

या माणसांची गोष्ट १५२८ मध्ये मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात सुरू होते. धर्मासाठी गाव सोडून निघालेल्या सुमारे दोनशे लोकांनी वाटेत जमिनीवर एक झगा अंथरला आणि ज्याच्याजवळ जे होतं ते त्याच्यावर ठेवलं. तेव्हापासून यांची थैली एक. पुढे ऑस्ट्रियाकडच्या टिरोलचा याकोब हुटर त्यांचा नेता झाला. तो टोप्या करणारा कारागीर. त्याच्यावरूनच यांचं नाव पडलं. १५३६ मध्ये इन्सब्रुकला त्याला जिवंत जाळलं. त्याची माणसं पांगली नाहीत. मोराव्हियातून हाकलल्यावर हंगेरी, ट्रान्सिल्व्हेनिया, मग १७७० मध्ये युक्रेन, आणि १८७४ पासून अमेरिकेतला डाकोटा. कधी श्रद्धेसाठी छळ झाला म्हणून, कधी शस्त्र हाती धरायचं नाही हा शब्द पाळण्यासाठी, दर वेळी नांगरलेली जमीन मागे टाकली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं यांच्या पोरांना सैन्यात बोलावलं. डाकोटातल्या रॉकपोर्ट कॉलनीच्या चौघांनी गणवेश घालायला नकार दिला. त्यांना आधी आल्कट्राझच्या तुरुंगात आणि तिथून लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात नेलं. १९१८ च्या अखेरीस जोसेफ आणि मायकेल हे होफर बंधू तिथेच वारले. जोसेफची बायको पोचली तेव्हा शवपेटीत त्याच्या अंगावर तोच गणवेश चढवलेला होता.

म्हणून हे लोक कॅनडात आले. इथेही १९४२ मध्ये अल्बर्टानं त्यांना जमीन विकायला बंदी केली, आणि १९४७ च्या कायद्यानं दोन वसाहतींमध्ये किती अंतर हवं तेही ठरवून दिलं. तो कायदा १९७३ मध्ये गेला. कुजबुज मात्र राहिली.

(एका खोलीचा कोपरा. कुलूपबंद लाकडी पेटी.)

इथलं मूल पंधरा वर्षांचं झालं की मोठ्यांच्या पंगतीत बसतं, आणि त्याला एक पेटी मिळते. कुलूप-किल्लीसकट. ही पेटी सतरा वर्षांच्या एका मुलीची. आत काय आहे, आम्ही विचारलं नाही. तिनं आपण होऊन झाकण उघडलं, वरचा भरतकाम केलेला रुमाल तेवढा दाखवला आणि पुन्हा कुलूप घातलं.

काही जण सोडून जातात. त्यांना मालमत्तेतला वाटा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्ये वसाहतीतून काढलेल्यांनाही तो नाकारला. वसाहतीच्या मतदानात बायकांना मत नाही.

(ट्रक. गाद्या, शिवणयंत्र, दोरीनं बांधलेल्या पेट्या.)

वसाहत सव्वाशे-दीडशेवर गेली की तिची दोन भागांत विभागणी होते. यापेक्षा जास्त माणसं झाली तर प्रत्येकाच्या हाताला काम उरत नाही, आणि काम नसलं की तंटे होतात, असं इथले कारभारी सांगतात. त्यासाठी वर्षानुवर्षं पैसा साठवून नवी जमीन घेतात. माणसं राहायला येण्याआधीच कोठारं आणि गोठे उभे राहतात. नव्या जागेच्या स्वयंपाकघराचा हा काँक्रीटचा चौथरा. वाफेच्या पातेल्यांसाठी नळ आधीच वर काढून ठेवलेत.

वसाहतीतली कुटुंबं दोन याद्यांत वाटली आहेत, म्हातारे-कोतारे, तान्ही मुलं दोन्हीकडे सारखी पडतील अशी. कुठली यादी जाणार आणि कुठली राहणार, ते चिठ्ठी ठरवणार आहे. म्हणून सामान सगळ्यांनीच बांधायचं. हे बाझलचं घर, नूडलच्या पोळीला बोट लावणारी तीच. या घरात तिला चाळीस वर्षं झाली. भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिनं चादरीत गुंडाळून ठेवलंय. चिठ्ठी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर निघेल. तोवर वेळ आहे, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आहे.

(रिकामी भिंत. घड्याळाचा खिळा. दुरून घंटा.)