वाटसरूंना अडवणारं राज्य : साउथ डकोटा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेला निघालेल्या माणसाला विचारा, काय काय बघणार? न्यूयॉर्क, नायगारा, लास व्हेगास. साउथ डकोटाचं नाव घेणारा सहसा भेटत नाही. म्हणूनच आज तिकडे जाऊया.

देशाच्या नकाशात मधोमध, जरा वरच्या अंगाला हे राज्य. आकार महाराष्ट्राच्या साधारण दोन तृतीयांश, आणि वस्ती 2020च्या जनगणनेत 9 लाखांच्या आत. गुरं मात्र माणसांच्या कितीतरी पट. जन्माची कथाही मजेशीर. 2 नोव्हेंबर 1889 रोजी नॉर्थ आणि साउथ डकोटा ही दोन राज्यं एकाच दिवशी झाली. ‘थोरला कोण’ यावरून वाद नको म्हणून अध्यक्ष हॅरिसन यांनी कागद पिसले, मजकूर झाकला आणि सह्या ठोकल्या. कोणता कागद आधी सही झाला, ते आजही कुणालाच ठाऊक नाही. शेवटी वर्णानुक्रमे नॉर्थ 39वं आणि साउथ 40वं ठरलं.

आता पूर्वेकडून पश्चिमेकडे गाडीने निघा. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना गवत आणि मका. अशा मुलखात वाटसरू थांबणार कशाला? पण इथल्या लोकांनी त्याला थांबवायचं कसबच कमावलंय.

पहिला थांबा मिचेल गावचा मक्याचा महाल, कॉर्न पॅलेस. आमची जमीन सुपीक आहे हे जगाला दाखवायला 1892 साली पहिला महाल उभा केला; आजची इमारत 1921ची. वर घुमट आणि मिनार, आणि भिंतींवर वेगवेगळ्या रंगांच्या मक्याची चित्रं. कणसं उभी चिरायची आणि खिळ्यांनी ठोकायची. चित्रं बहुतेक दरवर्षी नवी, कारण जुनी पाखरं फस्त करतात. आत गेल्यावर काय? बास्केटबॉलचं मैदान!

पण कसबात पहिला नंबर वॉल या गावाचा. टेड हस्टेड या फार्मसिस्टने 1931 साली इथे औषधांचं दुकान घेतलं. मंदीचे दिवस, गाव एवढंसं, दुकानात माश्या मारायची वेळ. 1936च्या जुलैमधल्या एका रविवारी बायको डोरोथी दुपारची आडवी झाली, पण हमरस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या खडखडाटाने डोळ्याला डोळा लागेना. तासाभरातच ती दुकानात परतली आणि म्हणाली, अहो, एवढी माणसं रणरणत्या उन्हातून चालली आहेत. त्यांना काय हवं असेल? गार पाणी! बर्फ आपल्याकडे भरपूर आहे, फुकट देऊया.

टेडला जरा संकोचच वाटत होता. तरी त्याने एका शाळकरी पोराला हाताशी धरून रस्त्याकडेला यमक जुळवलेल्या पाट्या ठोकल्या. पाट्या लावून परत येतो तो दुकानात गिऱ्हाईकं हजर! पाणी फुकट, पण पाण्यासाठी आलेला माणूस आइस्क्रीम घेतल्याशिवाय थोडाच जातो? आज ‘वॉल ड्रग’ म्हणजे केवढा तरी बाजार आहे, रस्त्याशी 80 फुटी डायनासोर उभा आहे, आणि बर्फाचं पाणी अजूनही फुकट. एवढी गिऱ्हाइकी खेचणारी वामकुक्षी मला तरी दुसरी ठाऊक नाही.

वॉलला लागूनच बॅडलँड्स आहे, पट्ट्यापट्ट्यांचे झिजलेले सुळके. ते संध्याकाळच्या उन्हात बघा, आणि पुढे चला ब्लॅक हिल्सकडे. तिथलं माउंट रशमोर आपण सगळ्यांनी चित्रात पाहिलंय. डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांचे 60-60 फूट उंच चेहरे. पण मुळात हीसुद्धा वाटसरू अडवायचीच युक्ती! राज्याचे इतिहासकार डोन रॉबिन्सन यांनी 1923 साली कल्पना काढली, का तर पर्यटक यावेत. 1927 ते 1941 काम चाललं, आणि बहुतेक डोंगर छिन्नीने नव्हे, डायनामाइटने फोडला. जेफरसनसाहेबांचा चेहरा आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला कोरायला घेतला होता. दगड दगा देतोय म्हटल्यावर सुरुंग लावून तो उडवला आणि या बाजूला नव्याने कोरला.

इथे हसू जरा आवरावं लागतं. हे डोंगर लाकोटा या इथल्या मूळ रहिवासी जमातीचे, पवित्र मानलेले. 1868च्या करारात सरकारने ते त्यांचे म्हणून मान्य केले. सहा वर्षांत सोनं सापडलं आणि 1877 साली काढूनही घेतले. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईवर शिक्कामोर्तब केलं. व्याजासकट ती रक्कम आता 100 कोटी डॉलरच्या वर गेली आहे, पण लाकोटांनी तिला हात लावलेला नाही. पैसे नकोत, डोंगर द्या, हेच म्हणणं. जवळच त्यांच्या क्रेझी हॉर्स या योद्ध्याचं शिल्प 1948 पासून कोरलं जातंय. चेहरा 1998 साली पूर्ण झाला, बाकी काम अजून चालूच.

जाणार असाल तर कपड्यांचा विचार करा. स्पीअरफिश गावात 22 जानेवारी 1943च्या सकाळी पारा दोन मिनिटांत उणे 20 वरून 7 अंशांवर चढला होता, विक्रमच तो. आणि ऑगस्टची सुरुवात टाळा. तेव्हा स्टर्जिस या सात हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरतो, 1938 पासूनचा. लाखोंनी फटफट्या येतात. हॉटेलात खोली मिळणार नाही, आणि मिळालीच तर झोप मिळणार नाही.