गुडघ्यातली मुकी गादी

गुडघ्यात घातलेल्या दुर्बिणीच्या पडद्यावर दिसणारा हा पांढरट, ओलसर आणि काचेसारखा गुळगुळीत थर म्हणजे मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा. घरोघरी तिला गादी म्हणतात. गुडघ्यात तिची जाडी साधारण २ ते ४ मिलिमीटर असते आणि तिच्या वजनात निम्म्याहून बराच जास्त वाटा पाण्याचा असतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि चेतातंतूही नसतात. त्यामुळे झिजायला लागल्यावर ती स्वतः दुखत नाही आणि फाटल्यावर त्वचेसारखी भरूनही येत नाही. एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ मध्येच मांडले होते.

जी वस्तू दुखत नाही तिची हानी मोजायची कशी? दुर्बिणीतून पाहणारा शल्यचिकित्सक बारीक हुकाने पृष्ठभाग दाबून बघतो. तो नुसता मऊ पडला आहे, त्याला चिरा गेल्या आहेत, की खालचे हाड उघडे पडले आहे, यावरून तो प्रत ठरवतो. शल्यचिकित्सक आउटरब्रिज यांनी १९६१ मध्ये गुडघ्याच्या वाटीसाठी केलेली चार पायऱ्यांची ही वर्गवारी आज सर्रास वापरली जाते, मात्र सुरुवातीच्या पायऱ्यांवर दोन जाणकारांचे एकमत होईलच असे नाही. म्हणून एमआरआयमधील टी-टू नकाशासारख्या पद्धती पुढे आल्या. कूर्चेतील पाणी आणि कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांची वीण यांतला बदल त्या चीर दिसण्याआधीच टिपू पाहतात.

दुरुस्तीचा सोपा मार्ग म्हणजे उघड्या हाडाला बारीक छिद्रे पाडणे. मज्जेतून आलेल्या रक्ताची गुठळी तिथे धरते आणि तीतून नवी ऊती तयार होते. पण ही ऊती मूळ कूर्चेपेक्षा व्रणाच्या अधिक जवळची असते, आणि ठिगळ कितीही नेटके असले तरी ते मूळ कापड नसते.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या चमूने १९८७ मध्ये वेगळी वाट धरली. लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच गुडघ्यातील कमी भार पेलणाऱ्या जागेवरून कूर्चेचा लहानसा तुकडा घेतला, त्यातील पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवल्या आणि खड्ड्यावर शिवलेल्या अस्थिआवरणाच्या पडद्याखाली सोडल्या. त्यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडावर उपचार झालेल्या १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला किंवा उत्तम गुण आला होता. वाटीवर उपचार झालेल्या सात जणांत मात्र असे दोघेच होते. बातम्यांत पहिला आकडा गाजणे साहजिक होते, पण अधिक शिकवले ते दुसऱ्याने: वाटी वाकड्या वाटेने सरकत असेल, तर नव्या पेशींवरही तोच चुकीचा भार पडत राहतो. शिवाय या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवे.

भाराचा हाच प्रश्न अस्थिबंधांकडे, म्हणजे लिगामेंटकडे नेतो. एसीएल म्हणजे मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा अस्थिबंध. तो तुटलेल्या स्वीडिश महिला फुटबॉलपटूंची दुखापतीनंतर १२ वर्षांनी तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, तेव्हा एक्स-रे काढलेल्या ६७ जणींपैकी ३४ जणींच्या गुडघ्यात संधिवाताच्या खुणा आढळल्या. त्यांचे सरासरी वय होते अवघे ३१. तुटलेल्या एसीएलच्या जागी स्नायुबंध (टेंडन) बसवल्याने गुडघ्याचे निसटणे थांबते, पण दुखापतीच्या क्षणी कूर्चेला आणि दोन हाडांमधल्या चकतीला (मेनिस्कस) बसलेला दणका त्याने पुसला जात नाही.

मग शस्त्रक्रियेची घाई किती करावी? २०१० मध्ये स्वीडनमधूनच आलेल्या एका चाचणीत एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. ६२ जणांवर व्यायामाच्या जोडीने लवकर शस्त्रक्रिया झाली. ५९ जणांना आधी फक्त व्यायाम देण्यात आला आणि गरज भासली तरच पुढे शस्त्रक्रिया करण्याची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची वेदना, हालचाल आणि खेळण्याची क्षमता यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पाच वर्षांनंतर दुसऱ्या गटातील ३० जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. उरलेल्या २९ जणांच्या गुडघ्यात नवा एसीएल बसवावाच लागला नव्हता.